प्लांट बंद असतो तेव्हा

माझी मुलगी दुसरीत की तिसरीत असताना तिनं मला फोनवर विचारलं होतं, "पप्पा, अख्ख्या कंपनीला सुट्टी असते तेव्हा तुम्हालाच का नसते?"

मी त्या वेळी चाकणच्या एका कारखान्यात, बंद कॅन्टीनमध्ये बसलो होतो. वसुबारस होती. कामगार बोनस आणि मिठाईचे पुडे घेऊन आदल्या दिवशीच गावाला गेले होते. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. त्यातली एक खाली घेऊन मी तिच्यावर टेकलो होतो आणि एरवी जिथं बोललेलं ऐकू येत नाही, तिथं माझाच आवाज घुमून परत येत होता.

"बाळा, कारखाना चालू असताना त्याचं सॉफ्टवेअर बदलता येत नाही," मी म्हणालो. "मशीन थांबलेली असली की मगच बदलायचं."

तिनं थोडा विचार केला. "मग तुम्ही मशीन चालू झाल्यावर या. आम्ही परत एकदा दिवाळी करू."

एवढं बोलून तिनं फोन आईकडं दिला आणि फटाक्यांकडं पळाली. बायको म्हणाली, "जेवलात का?" मी "हो" म्हणालो. जेवलो नव्हतो.

आमची राहणी त्या काळी अशी होती. मी पुण्याजवळ पुनावळ्यात, त्या दोघी बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईपासून जवळच्या एका गावात. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले होते, दोन-तीन वर्षांत बदली होऊन जाईल. आम्हालाही तसंच वाटलं होतं. आंतरजिल्हा बदलीचे अर्ज सुरू झाले की आम्ही अर्ज करायचो, यादी लागली की तिच्यात आमचं नाव शोधायचो, आणि मग पुढच्या वेळेची वाट बघायचो. पुनावळ्याचा फ्लॅट घेतला तेव्हा आजूबाजूला ऊस होता. बघता बघता ऊस गेला, टॉवर आले, हायवेच्या बाजूला हॉटेलं आली, माझ्या बाल्कनीतून दिसणारा डोंगर निम्मा झाकला गेला. बदली काही आली नाही.

मी चिंचवडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत बिल्ड आणि रिलीजचं काम बघतो. आमचं सॉफ्टवेअर चाकणच्या कारखान्यांमध्ये चालतं. कोणत्या गाडीत कोणता भाग बसला, तो कोणत्या मशीनवर तयार झाला, याची नोंद ते ठेवतं आणि प्रत्येक भागावर चिकटवायचं लेबल छापतं. लेबल छापलं नाही तर माल पुढं सरकत नाही. प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे. त्यांनी लिहिलेलं सगळं गोळा करायचं, त्याला लागणारे बाहेरचे तयार भाग आणायचे, सगळं जोडून एक पॅकेज बनवायचं, तपासून घ्यायचं आणि कारखान्यात नेऊन बसवायचं, हे माझं काम. जोडणं म्हणजे बिल्ड, आणि बसवायला बाहेर काढणं म्हणजे रिलीज.

आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्यामुळे बारीकसारीक रिलीज गुरुवारी. मोठं रिलीज मात्र मोठ्या सुट्टीत, म्हणजे गणपती आणि दिवाळी. बायकोची आणि मुलीची सुट्टी रविवारी, नाहीतर दिवाळीत. कॅलेंडरवर आमच्या लाल तारखा कधी जुळायच्याच नाहीत. मे महिन्यात त्या दोघी पुनावळ्यात यायच्या तेवढंच. तेव्हा घरात दोन टूथब्रश वाढायचे, बाथरूमच्या नळावर मुलीचा रबर बँड अडकलेला असायचा. ती गेल्यावरही मी तो काढत नसे.

एका दिवाळीला बायको म्हणाली, "तुम्हाला येता येईना तर आम्हीच येतो." मला इतका आनंद झाला की मी पडदे बदलले. आकाशकंदील आणला, निगडीला जाऊन मुलीसाठी ड्रेस घेतला, पण तो तिला आखूडच झाला. मुलगी किती उंच झालीय याचा अंदाज मला फोनवरून कधी आलाच नाही.

त्या वर्षीचं रिलीज सोपं होतं. चिंचवडला सगळं तपासून झालं होतं. धनत्रयोदशीला जायचं, बसवायचं, लक्ष्मीपूजनाला घरी. मी तसं दोघींना सांगूनही ठेवलं होतं. प्लांटवर पोचल्यावर कळलं की कारखान्यानं लेबलचा कागद बदललाय, तो थोडा अरुंद आहे. एका ओळीचा बदल. मी लॅपटॉपवर तो केला आणि पॅकेज परत एकदा बिल्ड केलं. बसवलं, प्रिंटर चालू केला, तर लेबल कोरं. कंपनीचं चिन्ह होतं, चौकट होती, पण बारकोडच्या जागी काही नाही.

मी ती ओळ पुन्हा जुनी केली आणि परत बिल्ड केलं. तरीही कोरं. म्हणजे माझ्या बदलाचा दोष नव्हता. जे चिंचवडला नीट चाललं होतं तेच मी पुन्हा बनवलं होतं, आणि तरी ते तसं बनत नव्हतं.

प्लांटवर माझ्याबरोबर मेंटेनन्सचे एक जण ड्युटीला होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. जुन्या गावातले, आसपासच्या जमिनी कारखान्यांना गेल्या तेव्हा नोकरीला लागलेले. वीज चालू-बंद करायची, कंप्रेसर बघायचे, माझ्यासारखे बाहेरचे लोक आले की दारं उघडून द्यायची. ते प्रिंटरजवळ उभे राहून कोऱ्या लेबलांकडं बघत होते.

"काय झालं वो साहेब?"

"कुठला तरी भाग बदललाय, आप्पा. कुठला ते कळेना."

"तुमी बदलला?"

"नाही. बाहेर कुणीतरी."

ते खरंच तसं होतं. कुठलंही सॉफ्टवेअर सगळंच्या सगळं आपण लिहीत नाही. तारीख मांडण्यासाठी, बारकोड काढण्यासाठी, प्रिंटरशी बोलण्यासाठी जगात कुणी ना कुणी तयार भाग लिहून ठेवलेले असतात, ते आपण वापरतो. आपलं काम ज्यांच्यावर अवलंबून ते भाग म्हणजे डिपेंडन्सी. त्यांनाही आपापल्या डिपेंडन्सी असतात. आमच्या बिल्डमध्ये पूर्वीपासून अशी सूचना लिहिलेली होती की प्रत्येक भागाचं जे सगळ्यात नवं व्हर्जन असेल ते इंटरनेटवरून आण. एरवी ते चालून जायचं. त्या आठवड्यात कुठल्या तरी देशातल्या कुणीतरी आपल्या भागाचं नवं व्हर्जन काढलं. त्याच्याकडं दिवाळी नसणार. आमचा बारकोडचा भाग ज्याच्यावर उभा होता, तो हा भाग. मी प्लांटवर बिल्ड चालवल्याबरोबर नवं व्हर्जन निमूटपणे आत आलं.

हे मी आता चार वाक्यांत सांगतो. तेव्हा शोधायला लक्ष्मीपूजन गेलं आणि पाडवाही गेला. डिपेंडन्सीच्या खाली डिपेंडन्सी, तिच्या खाली आणखी एक. कुणाचं कोणतं व्हर्जन आधी होतं याची नोंद कुठंच नव्हती. चिंचवडचे सहकारी आपापल्या गावी, कुणी फोनवर, कुणी रेंजच्या बाहेर.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आप्पा म्हणाले, "चला, घरी जेवाय."

"नको आप्पा, डबा मागवतो."

"आज कुटला डबा? अन् सणाचं हितं एकटं जेवता व्हय? पलीकडंच हाय घर. आमी काय परकं न्हाई."

त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून गेलो. दोन मजली नवीन घर, पुढं जुना गोठा तसाच ठेवलेला. सुना, नातवंडं, ओटीवर पणत्या. माझ्या पानात करंजी पडली आणि आप्पांच्या बायकोनं विचारलं, "तुमची मान्सं कुटं असत्यात?"

"पुनावळ्यात," मी म्हणालो.

"आगं बया! आन् तुमी हितं?"

चाकणपासून पुनावळं काही लांब नाही. इतकी वर्षं कुणी विचारलं तर मी बीडकडं बोट दाखवायचो, अंतर सांगितलं की लोक गप्प व्हायचे. त्या दिवशी माझी माणसं तासाभराच्या अंतरावर होती आणि तरीही मी दुसऱ्याच्या घरात फराळ करत होतो. करंजी मी पानाच्या कडेला सारली. आप्पांनी बायकोला डोळ्यानं गप्प केलं आणि मला म्हणाले, "जावा तुमी आता घरी. मशीन कुटं पळून जात न्हाई."

पण चार दिवसांनी कारखाना सुरू व्हायचा होता. मी घरी गेलो नाही. फोन केला तर मुलगी म्हणाली, "पप्पा, खाली पोरांनी किल्ला केलाय. मला पण घेतलं त्यांनी. तुम्ही आल्यावर दाखवते." तिकडं आमच्या गावाला किल्ल्याची पद्धत नाही, तिला त्याचं भारी अप्रूप होतं.

भाऊबीजेच्या दुपारी तो भाग सापडला. जुनं व्हर्जन शोधून हातानं बसवलं, बारकोड आला. आप्पांनी पहिलं लेबल सोलून माझ्या शर्टाला चिकटवलं. तसाच गाडीवर बसलो. घरी पोचलो तेव्हा बॅगा भरून दारात ठेवल्या होत्या. बायकोला निवडणुकीच्या कामाचं ट्रेनिंग लागलं होतं, दुसऱ्या दिवशी तालुक्याला हजर राहायचं होतं. ट्रॅव्हल्स निगडीवरून संध्याकाळी सुटणार होती.

मुलीनं मला हाताला धरून खाली नेलं. किल्ला बघायला दहा मिनिटं मिळाली असतील. ती कुठं काय लावलंय ते भराभर सांगत होती, मी हं हं करत होतो, आणि वरून बायको हाक मारत होती. बसमध्ये बसल्यावर मुलीनं काचेवर नाक दाबलं आणि माझ्या शर्टाकडं बोट दाखवून हसली. लेबल अजून तिथंच होतं. बायको हसली नाही. खिडकी सरकवून म्हणाली, "हे असंच चालणार आहे का हो?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर ऑफिस उघडलं त्या दिवशी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, "सर, आपल्या बिल्डमधली प्रत्येक डिपेंडन्सी बांधून टाकायची. व्हर्जन ठरवून लिहायचं, खालच्या भागांचंसुद्धा. आणि प्रत्येकाची एक प्रत आपल्या स्वतःच्या मशीनवर ठेवायची. बाहेरून ऐन वेळी काही येता कामा नये."

"चालतंय ना आता? मग कशाला हात लावतोस?"

"सर, आपण तपासतो एक आणि बसवतो दुसरंच."

मी क्वालिटीबद्दल बोललो, ग्राहकाबद्दल बोललो. माझ्या मनात ट्रॅव्हल्सच्या काचेवर दाबलेलं नाक होतं, ते काही बोललो नाही. अखेर ते म्हणाले, "कर. पण रोजचं काम सांभाळून."

ते काम वर्षभर पुरलं. एकेक भाग घ्यायचा, त्याच्या खालचे बघायचे, कुठलं व्हर्जन नीट चालतं ते तपासायचं, ते पक्कं करायचं. काही ठिकाणी एकाला जुनं हवं, दुसऱ्याला त्याचंच नवं हवं, अशी भांडणं. ती सोडवताना माझ्या सुट्ट्या गेल्या. पण मला ते काम आवडत होतं, इतकं कुठलंच काम आवडलं नव्हतं. एक दिवस असा आला की सोमवारी केलेलं बिल्ड आणि त्याच कोडचं शुक्रवारी केलेलं बिल्ड तंतोतंत सारखं निघालं. मी खुर्चीत मागं टेकून बसून राहिलो. कुणाला सांगावं कळेना. बायकोला मेसेज केला. तिनं लिहिलं, "म्हणजे या दिवाळीला यायलात का?"

पण रिलीज नेऊन बसवायला अजून माणूस लागतच होता. कागदाच्या मापासारख्या गोष्टी आम्ही कोडमधून काढून सेटिंगमध्ये टाकल्या, म्हणजे प्लांटवर परत बिल्ड करायची वेळच येऊ नये. तपासलेलं पॅकेज एकदा बंद केलं की कुणी हात लावायचा नाही, असा नियम झाला. तो नियम लोकांच्या अंगवळणी पडायलाच आणखी काही दिवाळ्या गेल्या. त्या माझ्या चाकणलाच गेल्या, पण संध्याकाळी मोकळा होऊन मी निदान फोनवर शांतपणे बोलू शकायचो. मग आमच्या टीममध्ये निगडीच्या प्राधिकरणात राहणारी एक सहकारी आली. एका मीटिंगमध्ये ती सहज म्हणाली, "दिवाळीत आम्ही घरीच असतो. मला चाकण काय लांब? मी बसवते की. तुम्ही जा राव गावाला."

मी तिला दोनदा विचारलं, खरंच का म्हणून.

त्या वर्षी धनत्रयोदशीला मी गावातल्या भाड्याच्या घरात होतो. सकाळपासून फोन हातात. दुपारी आप्पांचा फोन आला. पहिल्या रिंगलाच उचलला.

"साहेब, चालू झालं. ताई गेल्या बी घरी. काय न्हाई, सांगाय फोन केला. पोरीला आशीर्वाद सांगा."

मी फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, "आज चहा मी करतो." स्वयंपाकघरात गेलो आणि उभाच राहिलो. साखर कुठं, पत्ती कुठं, काही माहीत नव्हतं. एकेक डबा उघडून बघत होतो. शेंगदाणे, रवा, हळद. मुलगी आत आली. दहावीचं वर्ष होतं तिचं, माझ्या खांद्यापर्यंत आली होती. पाण्याच्या माठामागचा डबा काढून तिनं माझ्या हातात दिला आणि पाहुण्याला सांगावं तशी म्हणाली, "पप्पा, तुम्ही बसा ना. मी आणते करून."

मी बसलो. तिनं चांगला चहा केला. मग पुस्तक घेऊन मैत्रिणीकडं अभ्यासाला गेली. फटाके तिला आता आवडत नव्हते, हे मला तेव्हा कळलं. मी चिंचवडवरून पिशवीभर आणले होते. ते शेजारच्या मुलांनी उडवले.

त्या चार दिवसांत ती माझ्याशी वागायला कुठंही चुकली नाही. विचारलं की सांगायची, हाक मारली की यायची. आईशी मात्र ती भांडायची, रुसायची, तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोबाइल बघायची. माझ्याशीही तिनं एकदा भांडावं असं मला फार वाटत होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी झाल्या. मुलीला दहावीला चांगले मार्क पडले आणि मेडिकलच्या तयारीसाठी ती लातूरला हॉस्टेलवर गेली. आणि बायकोची बदली झाली. पुणे जिल्हा, खेड तालुका, चाकणच्या पुढच्या एका गावातली शाळा. यादीत नाव बघून बायको खाली फरशीवरच बसली. मला वाटलं, आनंदानं. ती म्हणाली, "आता आलं होय हे? आता कुणासाठी?"

आता आम्ही दोघं पुनावळ्यात राहतो. सकाळी बायको स्कूटीवरून निगडीला जाते, तिथून चार-पाच शिक्षिका मिळून एका गाडीतून शाळेला जातात. ज्या रस्त्यानं मी इतक्या दिवाळ्या गेलो तो तळवड्याचा रस्ता ती आता रोज शिव्या घालत पार करते. घरी आल्यावर ट्रॅफिकचं सांगते, पोरांचं सांगते. मी ऐकतो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आम्ही एकमेकांच्या सवयी शिकतोय. तिला पंखा चालू लागतो, मला बंद. रोज कुणीतरी माघार घेतं. मला याचं सुख आहे, खोटं कशाला बोलू. पण दोघं जेवायला बसलो की तिसऱ्या ताटाची जागा दोघांनाही दिसते, आणि कुणीच तसं म्हणत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी मुलीचा फोन आला. "पप्पा, यंदा सुट्टी नाही. सगळ्यांना सुट्टी असते तेव्हाच आमची टेस्ट सिरीज असते. मधे एक दुपार मोकळी आहे फक्त."

"हो बाळा, असू दे," मी म्हणालो.

बायकोनं फराळ केला, डबे भरले आणि आम्ही लातूरला गेलो. हॉस्टेलजवळच्या लॉजवर खोली घेतली. पाडव्याच्या दुपारी रेक्टर बाईंनी मुलीला संध्याकाळपर्यंत सोडलं. डोळ्यांखाली काळं झालेलं, हाताला शाई. पलंगावर मांडी घालून तिनं चिवडा खाल्ला, चकल्या खाल्ल्या, आईला हॉस्टेलच्या भाजीबद्दल सांगितलं. मग मला म्हणाली, "पप्पा, तुमचं रिलीज झालं का?"

"झालं. काल दुपारीच."

"काही फुटलं नाही ना?"

"नाही. आता फुटत नाही."

"बरंय," ती म्हणाली आणि उशीवर आडवी झाली. "पाच मिनिटं पडते हं."

ती झोपली ती झोपलीच. बायकोनं तिच्या पायांवर चादर टाकली. खोलीत एकच खुर्ची होती, ती मी पलंगाजवळ ओढून घेतली. तिच्याशी बोलायचं असं मी काय काय ठरवून आणलं होतं. पुण्याच्या कॉलेजांचं, घरातल्या तिच्या खोलीचं, जमलं तर माझ्या त्या दिवाळ्यांचंही. ती तोंड थोडं उघडं ठेवून झोपली होती, लहानपणी झोपायची तशी. लहानपणी ती तशी झोपायची, हेही मला बायकोनं फोनवर काढून पाठवलेल्या फोटोंतून ठाऊक होतं.

खिडकीतलं ऊन पलंगावरून भिंतीवर चढलं. मी हळूच म्हणालो, "उठवू का? वेळ होत आली."

बायकोनं माझा हात धरला. "थांबा हो. मी बोलते रेक्टर बाईंशी."

ती फोन घेऊन बाहेर गॅलरीत गेली. मी तिथंच बसून राहिलो. मुलीनं झोपेत कूस बदलली, तिचा हात पलंगाच्या कडेवरून खाली आला. मी तो उचलून परत चादरीवर ठेवला.